मागच्या सीटचा इतिहास



आजचा विषय सायकलचा आहे, आणि त्यातही सायकलच्या मागच्या सीटचा. आपल्यातल्या बहुतेकींची सायकलशी पहिली ओळख दुसऱ्याच्या सायकलवर बसूनच झाली. लहानपणी बाबांच्या पुढ्यात दांड्यावर, मग भावाच्या मागे कॅरिअरवर आणि लग्नानंतर नवऱ्याच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी नाहीतर मूल घेऊन. याला आपण डबलसीट म्हणतो.

दोघांनी चालवायची म्हणून मुद्दाम बनवलेली एक वेगळी सायकलही असते. लांबलचक सांगाडा, दोन सीटा, दोन हँडलं आणि पायडलांच्या दोन जोड्या. तिला टँडम म्हणतात. आपल्या पालघर-बोईसरच्या सायकल दुकानांत ती सहसा दिसायची नाही. डबलसीटवर माणसं दोन आणि टँडमवरही दोनच. पण डबलसीटवर मागचं माणूस ओझं असतं आणि टँडमवर तेच माणूस जोडीदार होतं. बाईच्या प्रवासाचा सारा इतिहास या फरकात सापडतो. तो पाहायला आधी थोडं लांब, विलायतेला जाऊ आणि मग आपल्याच सूर्या नदीच्या खोऱ्यात एक दिवस फिरून येऊ.

सुरुवातीच्या सायकलचं पुढचं चाक पुरुषभर उंचीचं असे आणि मागचं ताटलीएवढं. तिच्यावर चढायचं म्हणजे कसरतच. पायघोळ झगा घालणाऱ्या बाईला तर ती अशक्यच होती. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन. आज आपण चालवतो ती सायकल म्हणजे हिचीच पणती. तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास मऊ झाला. मग विलायतेत आणि अमेरिकेत सायकलचं वेडच लागलं. बायकांसाठी पुढचा दांडा खाली वाकवलेली, चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल निघाली. तीच आपली लेडीज सायकल.

याच काळात टँडमही लोकप्रिय झाली. 1892 साली इंग्रजीत 'डेझी बेल' नावाचं गाणं आलं. त्यातला प्रियकर मुलीला सांगतो, की लग्नासाठी बग्गी करायची माझी ऐपत नाही, पण दोघांच्या सायकलवर तू छान दिसशील. हे गाणं इतकं गाजलं की 1961 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाला पहिल्यांदा गायला लावलं, तेव्हा त्याला हेच गाणं दिलं होतं.

त्या टँडमची एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिष्टाचार असा होता, की बाईला पुरुषाच्या पाठीमागे बसवू नये, तिला पुढे बसवावं. म्हणून कित्येक टँडमवर पुढची सीट बाईची असे आणि तिच्यासाठी दांडा वाकवलेला असे. आता पुढे बसणाऱ्याच्या हातात दिशा असते, हे तर आपल्याला माहीत आहे. मग कारागिरांनी युक्ती केली. मागच्या हँडलापासून एक सळई पुढच्या चाकापर्यंत नेली. बाई पुढे बसली, तिनं हँडल धरलं, रस्ता तिला दिसत राहिला, पण सायकल वळवण्याची ताकद मागे बसलेल्या पुरुषाच्याही हातात राहिली. मैत्रिणींनो, ही सळई आपल्याला ओळखीची वाटते ना? खुर्ची बाईची आणि सही तिची, पण निर्णय मागून कुणीतरी फिरवतं, असे किस्से आपण आपल्या गावातही ऐकलेले आहेत.

बाई एकटी सायकलवर बसली तेव्हा तर टीका आणखी वाढली. सायकल चालवल्यानं बाईचा चेहरा ताणलेला आणि बेढब होतो, असं तिकडचे काही डॉक्टर लिहीत होते. पण त्याच दशकात, 1894 साली, ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली. काही वाट सायकलवर आणि काही बोटीवर करून 1895 मध्ये ती परतही आली. चेहऱ्याला काही झालं नाही.

आता आपल्याकडे येऊ. सायकल हिंदुस्थानात आली ती बोटीतून, विलायती माल म्हणून आणि विलायती किमतीला. त्यामुळे सुरुवातीला ती साहेबांकडे आणि पैसेवाल्यांकडेच होती. हळूहळू ती शिक्षक, पोस्टमन, कारकून अशा पगारदार माणसांकडे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर लुधियानाचा हिरो, सोनपतची ॲटलस अशा देशी सायकली आल्या आणि सायकल कामगाराच्या आवाक्यात आली. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला की पोलीस पकडत, आणि शहरांत डबलसीट बसलं तरी पकडत. आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना चौकाच्या अलीकडे खाली उतरून, पोलीस दिसेनासा होईपर्यंत चालावं लागलं असेल. तो दंड चुकवायला उतरायची ती मागची. पुढचा सायकल हातात धरून चालायचा.

घरात सायकल आली तरी ती घराची नव्हती, घरातल्या कर्त्या पुरुषाची होती. उंच, काळी, दांड्याची. तो जेवून लवंडला, की मुलगे ती हळूच बाहेर काढायचे आणि दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचे. परकर सावरत शिकणारी मुलगी क्वचितच दिसे. तिला सांगितलं जाई, की पडशील, लागेल, लग्न व्हायचंय. आपल्या भागात तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 मध्ये सुरू झालं आणि पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा पाळी सुटायच्या वेळी रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्या सायकलींवरही पुरुषच जास्त होते.

एवढा इतिहास बरोबर घेऊन आता फिरायला निघू. समजा, आपल्याला एक टँडम मिळाली आहे आणि हातात एक दिवस आहे. पावसाळा नुकताच सरलाय, भात पिवळं पडायला लागलंय. पुढे कुणी बसायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पण निघण्यापूर्वी टँडमचे नियम समजून घ्या. पुढच्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि गिअर. मागच्याच्या पायात ताकद. दोन्ही पायडलं एका चेननं जोडलेली असतात, त्यामुळे दोघांचे पाय एकदमच फिरतात. एक थांबला तर दुसऱ्यालाही थांबावं लागतं. मागच्याला रस्ता दिसत नाही, समोर फक्त पाठ दिसते. म्हणून पुढच्यानं बोलत राहायचं: खड्डा आला, वळण आलं, आता जोर लाव, आता थांब. न बोलता टँडम चालवायला जाणारी जोडी पडते. सपाटीवर आणि उतारावर टँडम एकट्याच्या सायकलपेक्षा जोरात पळते, कारण ताकद दोघांची असते आणि वारा मात्र जवळपास एकालाच कापावा लागतो. चढावर ती जड जाते.

आणि पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलं, की चढ लगेच येतो. ती वाघोबा खिंड. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. आपले वारली बांधव वाघाला देव मानतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात. पूर्वी ही वाट जंगलाची होती. पायी जाणारा माणूस इथं हात जोडून, जीव मुठीत धरून पुढे जायचा. याच चढावर डबलसीटची गोष्ट पुन्हा आठवते. चढ आला की कॅरिअरवरची बाई उतरते आणि मागून चालत येते. वर पोचल्यावर पुन्हा बसते. टँडमवर मात्र दोघं मिळून जोर लावतात, आणि नाहीच जमलं तर दोघंही उतरतात आणि दोघंही ढकलतात.

खिंड उतरली, की मासवणला सूर्या नदी भेटते. सूर्या आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतून, जव्हारच्या बाजूच्या डोंगरांतून येते आणि पुढे वैतरणेला मिळते. मासवणहून हे पाणी उपसून वसई-विरारला नेलं जातं. वरच्या अंगाला, विक्रमगड तालुक्यात, नदीवर धामणीचं धरण आहे आणि त्याखाली कवडासचा बंधारा. कवडासवरून वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाण्याची मोठी योजना झाली आहे. धरण झालं ते इथल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. त्यासाठी इथल्या आदिवासी कुटुंबांनी घरं आणि जमिनी सोडल्या. आणि आजही चैत्र-वैशाखात याच डोंगरांतल्या कितीतरी पाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. पाणी पाइपातून शहरात पोचलं, पण बाईच्या डोक्यावरचा हंडा काही सगळीकडे उतरला नाही. अंतर कुणाचं कमी झालं आणि कुणाचं तसंच राहिलं, हे नदीच्या कडेनं जाताना दिसत राहतं.

मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. पुढे मेंढवणची खिंड आहे आणि ती अपघातांसाठी बदनाम आहे. तिथं सायकल चालवायची नाही, हे मी मुद्दाम सांगते. सायकल टेम्पोत टाका आणि चारोटीला उतरा. महामार्गालगतच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. तिची यात्रा चैत्रात, हनुमान जयंतीपासून भरते आणि डहाणू, पालघर, जव्हारपासून गुजरातपर्यंतची माणसं येतात. पूर्वी बैलगाड्या जोडून यायची.

या देवीची कथा तुम्हाला माहीतच असेल. देवीचं मूळ ठाणं उंच डोंगरावर. एक भक्त बाई गरोदर असताना दर्शनाला निघाली आणि चढता चढता अर्ध्या वाटेत तिला घेरी आली. देवीला तिची दया आली. ती म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. आणि देवी पायथ्याला विवळवेढ्याला आली. कथेचा अर्थ आपापल्या परीनं लावावा. मला त्यात दिसतं ते असं: ज्या बाईला वर चढता येत नाही, तिच्यासाठी अंतर कमी करणं हे दैवी काम आहे.

हे काम आपल्या भागात माणसांनीही केलं आहे. 1945 साली वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उठला, तेव्हा गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूच्या पाड्यापाड्यांवर पायी हिंडल्या. कोर्टकचेरी पाड्यापासून फार लांब होती, म्हणून कायदा शिकलेली बाई स्वतः पाड्यावर गेली. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबत अनुताई वाघ होत्या. त्यांनी पाहिलं, की गरिबांची मुलं शाळेत येत नाहीत. मग त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला नाव दिलं अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं मुलं गुरं राखायला कुरणात जातात हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली: गुरं चरताहेत आणि शेजारी शाळा भरली आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा आपल्या डहाणू तालुक्यातला शब्द देशभर गेला. आज हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांत कितीतरी अंगणवाडी सेविका आणि मदतनीस असतील. तुम्ही त्या परंपरेतल्या आहात.

पण अंगणात शाळा आणता येते ती लहान मुलांची. आठवी-नववीची शाळा प्रत्येक पाड्यावर नेता येत नाही. तिथं मुलीलाच शाळेपर्यंत जावं लागतं, आणि तिथंच तिची शाळा सुटते. चौथी किंवा सातवीपर्यंत गावात, पुढे चार-पाच किलोमीटर. मुलगा कसाही जातो. मुलीच्या बाबतीत घरचे म्हणतात, एकटी कशी पाठवायची? आणि रोज तिला कॅरिअरवर घेऊन जायला घरात कुणाला वेळ असतो? ज्या मुलीचं शिक्षण दुसऱ्याच्या मागच्या सीटवर अवलंबून असतं, तिचं शिक्षण त्या दुसऱ्याच्या सवडीनं चालतं. भाताची लावणी आली, भावाला काम लागलं, सायकल पंक्चर झाली, की शाळा बंद.

यावर उपाय म्हणून मुलीलाच सायकल द्यावी, ही कल्पना आता आपल्याला साधी वाटते. पण ती फार जुनी नाही. 1991 च्या सुमारास तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तिथं बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीताई अशा हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांना लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या आणि म्हणाल्या, याच बऱ्या, दांड्यावर मूल बसवता येतं. 2006 मध्ये बिहार सरकारनं नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढली, आणि जिथं शाळा लांब होती तिथं फरक जास्त पडला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात, जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांसारख्या तालुक्यांत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलसाठी मदत मिळते. लांबच्या मुलींसाठी एसटीच्या गाड्या आहेत. तुमच्या मुलीला सायकल मिळाली नसेल, तर शाळेत मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. लाजू नका, तो तिचा हक्क आहे.

आता आपण चारोटीहून कासा ओलांडून धामणीच्या बाजूला आलो आहोत. इथून पुढे दोन्ही अंगांना डोंगर जवळ येतात. शाळा सुटायची वेळ झाली असेल, तर रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली सायकलवर दिसतील, दोन-दोन, तीन-तीन मिळून. नीट पाहा. कितीतरी सायकलींवर मागे दुसरी मुलगी बसलेली असते. हीसुद्धा डबलसीटच, पण पुढे बसली आहे तीही मुलगीच. आणि अर्ध्या वाटेत त्या जागा बदलतात. टँडम त्यांना कुणी आणून दिली नाही. त्यांनी साध्या सायकलचीच टँडम केली.

आणखी एक गोष्ट सांगते आणि मग थांबते. मागच्या सीटला कमी समजायचं काही कारण नाही, हे दाखवणारं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली. त्यांनी पुढे अपंग आणि इतर मंडळींनी एकत्र साहसी खेळ खेळावेत म्हणून संस्था काढली. त्यांच्या मोहिमांत पुढच्या सीटवर डोळस आणि मागच्या सीटवर दृष्टिहीन, अशा जोड्यांनी टँडमवर मनाली ते खारदुंगला ही वाट केली. बियास नदीचं खोरं सोडून सिंधूच्या खोऱ्यात उतरायचं आणि मग 17,000 फुटांहून उंच खिंडीत चढायचं. ज्याला दिसत नाही तो मागून पायडल मारतो, ज्याला दिसतं तो बोलत राहतो. पॅरालिंपिकमध्येही दृष्टिहीनांची सायकल शर्यत अशीच टँडमवर होते. पदक दोघांना मिळतं.

म्हणजे प्रश्न पुढे बसायचं की मागे, हा नव्हताच. आपल्या पायाखाली पायडल आहे का, आणि पुढचा आपल्याशी बोलतो का, हा प्रश्न आहे. आणि कधीतरी एकटीनं निघायचं असेल, तर तीही वाट मोकळी हवी. 2018 साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विसाव्या वर्षी सायकलवरून जगाला फेरी मारली, सुमारे 29,000 किलोमीटर. तिच्या मागे सीटच नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात मुलीची सायकल असेल तर या सुट्टीत तिच्याकडून शिकून घ्या. अंगणात किंवा शाळेच्या मैदानात, संध्याकाळी, साडी नीट खोचून. मुलीला म्हणावं, मागून धर. ती कॅरिअर धरून पळेल, आणि कधीतरी न सांगता हात सोडेल. तोल सांभाळायला चार-आठ दिवस लागतात, गुडघा एखाद-दोनदा फुटतो. रस्त्यावर मात्र घाई करू नका. महामार्ग टाळा आणि दिवा लावा. आणि ज्या दिवशी तुम्ही एकटीनं बाजारातून जाऊन याल, त्या दिवशी आमच्या केंद्रावर फोन करून सांगा. तुमचं नाव आम्ही कार्यक्रमात वाचू.